थ्रोट लांब आहे म्हणून नळी बदलायची नसते

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. विचारणारा आपल्या इंदूरचाच, तिलकनगरचा मुलगा. सात वर्षांपासून न्यूझीलंडला, साउथ आयलंडवर नोकरी करतो. तिथला परवाना काढून त्यानं एक जुनी स्वीडिश माउझर घेतली आहे, १८९६ चं मॉडेल, ६.५ × ५५ चं काडतूस. लष्करी दस्ता आधीच्या मालकानं काढून शिकारीचा हलका दस्ता आणि दुर्बीण बसवलेली. रोर, म्हणजे रेड डिअरचा माजाचा हंगाम, मार्चअखेरीस सुरू होतो, त्याआधी हिच्यासाठी स्वतः काडतुसं भरायची आहेत. अडचण अशी की १४० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) टोकदार बुलेट काडतुसाची लांबी ८४.२ मिलीमीटर केली तेव्हा कुठे आट्यांना, म्हणजे नळीच्या आतल्या पीळदार खाचांना, टेकते, आणि मॅगझिनमध्ये मावतं ८०.५. सगळे सांगतात, बुलेट आट्यांपासून अर्धा मिलीमीटर मागे ठेव. ते जमत नाही, कारण थ्रोट, म्हणजे चेंबर (काडतूस बसतं ती जागा) आणि आटे यांच्यामधला पट्टा, फार लांब आहे. आत्ता शंभर मीटरवर पाच गोळ्या आठ-नऊ सेंटिमीटरमध्ये पसरतात. "काका, नळीच बदलून घेऊ का?"

नको. निदान आत्ता तरी नको.

मी एकवीस वर्षं क्राइस्टचर्चला होतो. दिवसा मशीन शॉपमध्ये लेथवर आणि शनिवारी क्लबच्या रेंजवर. लोकमान्यनगरला परत येऊन आता सहा वर्षं झाली, इथे माझ्याकडे रायफल नाही आणि काडतुसं भरायचं प्रेसही नाही. भारतात बसून हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो की आपल्याकडे हरणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. पुढचं सगळं तिथल्या परवानाधारकासाठी आहे.

आता तुझ्याशी बोलतो. पावडरला हात लावायच्या आधी स्क्रूड्रायव्हर हातात घे. दस्ता बदललेल्या जुन्या माउझरमध्ये पाचांपैकी तीन वेळा दोष काडतुसात नसतोच. रायफल दस्त्याला धरणारे पुढचा आणि मागचा ॲक्शन स्क्रू घट्ट आहेत का बघ. पुढचा स्क्रू लांब पडून आत बोल्टला घासत नाही ना, तेही बघ. दुर्बिणीच्या माउंटचे स्क्रू उघडून, तेल पुसून, पुन्हा आवळ. नळीखालून कागदाची पट्टी सरकवत ने, ती कुठे अडते ते कळेल. नळीच्या तोंडाची कडा भिंगाखाली बघ. शेवटी तांब्याचा थर घालवणारं द्रावण लावून नळी धू. शंभर वर्षांच्या नळीतून पहिल्या दिवशी निळ्या चिंध्या निघतच राहतात, घाबरू नकोस. माझ्या पहिल्या माउझरवर मी तीन शनिवार आणि शंभराच्या वर बुलेट फक्त लांबी कमी-जास्त करण्यात घालवल्या होत्या. चौथ्या शनिवारी लक्षात आलं, दुर्बिणीचा मागचा माउंट बोटानं हलतो. रोज लेथवर शंभराव्या भागाची मापं घेणारा माणूस मी, ते मला दिसलं नाही.

जुनी रायफल आहे, म्हणून हेडस्पेस (बोल्ट बंद केल्यावर काडतुसाला मिळणारी जागा) एकदा तिथल्या गनस्मिथकडून तपासून घे. बोल्ट याच रायफलचा आहे ना, नंबर जुळतात ना, हेही त्यालाच बघू दे. बटावर, म्हणजे दस्त्याच्या मागच्या भागावर, मूळची पितळी चकती असती तर नळीचं माप आणि अवस्था स्वीडिश लष्करानंच लिहून ठेवलेली मिळाली असती. पण दस्त्याबरोबर तीही गेली.

आता थ्रोट. आम्ही क्लबात दोघे मराठी होतो, आपसांत त्याला घसाच म्हणायचो. चेंबर संपल्यावर आणि आटे सुरू होण्याआधी जो गुळगुळीत पट्टा असतो, तो हा. तुझा लांब आहे याची कारणं दोन असू शकतात. पहिलं कारण जन्माचं. हे काडतूस १८९४ चं. तेव्हाची लष्करी बुलेट १५६ ग्रेनची, गोल नाकाची, लांबलचक. तिचा सरळ भाग नाकाच्या अगदी जवळपर्यंत येतो, आणि चेंबर तिच्या मापानं कापलं होतं. १९४१ मध्ये स्वीडननं टोकदार १३९ ग्रेनची बुलेट आणली, पण या नळ्या आधीच्याच होत्या. टोकदार बुलेट निमुळती होत जाते, त्यामुळे तिचा पूर्ण जाडीचा भाग बराच मागे राहतो. म्हणून तीच नळी जुन्या गोल बुलेटला बेताची आणि तुझ्या नव्या बुलेटला ढगळ वाटते. मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला घातल्यासारखं. दुसरं कारण झीज. प्रत्येक गोळीला गरम वायू आट्यांची सुरुवात थोडी थोडी खातो आणि घसा पुढे सरकतो. तुझ्याकडे बहुधा दोन्ही आहेत. बोअरस्कोपनं (नळीच्या आत बघायच्या बारीक दुर्बिणीनं) बघ. आट्यांच्या सुरुवातीला मगरीच्या पाठीसारख्या भेगा दिसल्या तर झीज जास्त आहे. पण तेवढ्यावरून नळी निकामी ठरवू नकोस, तशा नळ्या मी उत्तम मारताना पाहिल्या आहेत.

लांब घसा हा दोष असता तर वेदरबीच्या रायफली कुणी घेतल्याच नसत्या. त्यांच्या मॅग्नम काडतुसांत घसा मुद्दाम लांब ठेवायची पद्धत आहे, आणि त्या रायफली नेम चुकवण्यासाठी प्रसिद्ध नाहीत. आट्यांना चिकटून बुलेट बसवायची रीत बेंचरेस्टवाल्यांकडून, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून नेमाची स्पर्धा खेळणाऱ्यांकडून, आली. त्यांचं चेंबर त्यांनी स्वतः कापून घेतलेलं असतं, एका वेळी एकच गोळी हातानं भरतात, आणि ओल्या झुडपांतून सरपटत जायची वेळ त्यांच्यावर येत नाही. त्यांचा नियम शिकारीच्या रायफलीला जसाच्या तसा लावला की तुझ्यासारखा घोळ होतो.

८४.२ हे माप तू कसं घेतलंस? प्राइमर (ठिणगी देणारी टोपी) आणि पावडर नसलेल्या केसची, म्हणजे पितळी कवचाची, मान (बुलेट धरणारा पुढचा अरुंद भाग) चिरून त्यात बुलेट सैल बसवून चेंबरमध्ये घातली असशील, तर बाहेर काढताना बुलेट आट्यांत अडकून थोडी ओढली जाते आणि माप फुगतं. माझी आवडती पद्धत रॉडची. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघून बोल्ट कॉक करून बंद कर. नळीच्या तोंडातून सपाट टोकाचा क्लीनिंग रॉड बोल्टच्या तोंडाला टेकेपर्यंत सोड आणि नळीच्या कडेशी रॉडवर चिकटपट्टी लावून ब्लेडनं बारीक रेघ मार. मग बोल्ट काढ, नुसती बुलेट मागून आत सोड आणि पेन्सिलीनं हलकेच आट्यांना टेकवून धर. दाबू नकोस, टेकव. रॉड पुन्हा आत सोडून बुलेटच्या टोकाला लागू दे, दुसरी रेघ मार. दोन रेघांमधलं अंतर व्हर्नियरनं मोज. असं पाच वेळा कर. पाचांत पाव मिलीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तुझा हात जड पडतोय. आणि प्रत्येक जातीच्या बुलेटला हे नव्यानं करायचं, कारण हे माप नळीचं एकटीचं नसतं, नळी आणि बुलेट या जोडीचं असतं.

बुलेटच्या टोकावरून लांबी मोजणं ही दुसरी चूक. मऊ शिशाचं टोक डब्यात आपटून बोथट होतं. एकाच डब्यातल्या दोन बुलेटमध्ये त्या टोकापायी पाव-अर्धा मिलीमीटर फरक सहज सापडतो. कम्पॅरेटरचा छोटा तुकडा व्हर्नियरला लावून, बुलेट जिथे पूर्ण जाडीला येते तिथून मोज. टोकाचं माप फक्त मॅगझिनसाठी.

समजा ८४.२ बरोबर आहे. तरी तिथवर जायचं नाही, आणि का ते हिशेबानं दाखवतो. तुझी बोट-टेल (बुडाकडे निमुळती) बुलेट साधारण ३४.५ मिलीमीटर लांब असेल. ८४.२ मधून ३४.५ गेले, उरले ४९.७. म्हणजे बुलेटचं बूड केसच्या बुडापासून ४९.७ वर. केस ट्रिम करून ५४.८ ची. तर केसच्या आत बुलेट फक्त ५.१ मिलीमीटर. त्यातला मागचा साडेतीन मिलीमीटर निमुळता, बोट-टेलचा. त्याला मान धरतच नाही. हाती राहिलं १.६ मिलीमीटर. पक्कडीनं खिळ्याचं नुसतं टोक धरावं तसं. मॅगझिनच्या लांबीवर, ८० वर, हाच हिशेब केलास तर ५.८ मिलीमीटर पकड मिळते. जुना अंगठ्याचा नियम म्हणजे बुलेटच्या व्यासाएवढी, इथे ६.७ मिलीमीटर, पकड असावी. ५.८ त्याला थोडी कमी आहे, पण शिकारीला पुरते.

पकड कमी ठेवून बुलेट आट्यांना टेकवली तर काय होतं ते मी एकदा भोगलं आहे. एप्रिलची संध्याकाळ, पाऊस. दिवसभरात काही दिसलं नाही, म्हणून उतरण्याआधी रायफल रिकामी करायला बोल्ट ओढला. केस बाहेर आली, बुलेट नळीतच आट्यांत रुतून राहिली, आणि केसमधली सगळी पावडर मॅगझिनमध्ये, ट्रिगरमध्ये, माझ्या ओल्या बाहीवर. लांब दाण्यांची पावडर म्हणजे काळ्या तिळासारखी, तेलकट पोलादाला चिकटून बसते. रॉड गाडीत, गाडी चार तासांवर. परत येताना वाटेत एक हिंद, म्हणजे रेड डिअरची मादी, उभी होती, पन्नास पावलांवर. माझ्याकडे बघून आरामात चरत राहिली. त्या दिवसापासून माझा नियम असा की शिकारीचं काडतूस बंद चेंबरमधून बाहेर काढलं तर अख्खंच यायला हवं.

म्हणजे लांबी आट्यांनी ठरवायची नाही, मॅगझिन आणि मानेनं ठरवायची. ८०.५ मावतं, तर वर थोडी मोकळीक ठेवून ८०.० धर. तिथे तुझी बुलेट आट्यांपर्यंत चार मिलीमीटरच्या आसपास उडी मारणार. ऐकायला फार वाटतं. पण ही उडी प्रत्येक गोळीला तेवढीच असली आणि बुलेट सरळ निघाली, तर बऱ्याच बुलेट ती निमूट सहन करतात. ज्यांच्या नाकाचा गोलवा सरळ भागाशी मऊपणे जुळतो, त्यांना उडीचं फारसं काही नसतं. व्हीएलडी जातीच्या, लांब सुईसारख्या नाकाच्या बुलेटच जास्त चिडक्या. आणि अखंड तांब्याच्या बुलेट बनवणारे तर स्वतःच सांगतात की आट्यांपासून दूरच ठेवा, सव्वा मिलीमीटर किंवा त्याहूनही जास्त.

बुलेट बदलायची तयारी असेल तर माझा सल्ला सपाट बुडाच्या १४० ग्रेनकडे वळ. तिची लांबी साडेएकतीसच्या आसपास असते आणि बोट-टेल नाही, म्हणून ८० वरसुद्धा सव्वासहा मिलीमीटर सरळ अंग मानेत जातं. शिकारीच्या अंतरावर, दोन-अडीचशे मीटरच्या आत, बोट-टेलचा फायदा कागदावर मोजता येतो, हरणाला कळत नाही. नाहीतर या रायफलीचा मूळ स्वभाव बघ: १५६ किंवा १६० ग्रेनची गोल नाकाची. हॉर्नडी आणि नॉर्मा दोघांनीही तशा बनवल्या आहेत. आट्यांचा पीळ २०० मिलीमीटरला एक, म्हणजे लांब बुलेटला भरपूर. त्यांचा सरळ भाग पुढे येतो, आट्यांपर्यंतचं अंतर आपोआप घटतं, आणि झाडीत शंभर-दीडशे मीटरवर रेड डिअरला या बुलेटनं शंभर वर्षं काम दिलं आहे. तोटा एवढाच की लांब अंतरावर गोळी लवकर खाली येते. तुझ्या जागा कशा आहेत ते तुला माहीत. उघड्या डोंगरउतारावर, जिथे आपल्या हिमालयातला ताहरसुद्धा फिरतो (१९०४ मध्ये गोऱ्यांनी माउंट कुकपाशी नेऊन सोडला आणि आता तिथे त्याची डोकेदुखी झाली आहे), तिथे टोकदारच बरी.

आता केस. ही गोष्ट फार कमी लोक सांगतात, म्हणून नीट ऐक. या काडतुसाच्या बुडाचा व्यास १२.२ मिलीमीटर आहे. काही अमेरिकन केसचं बूड मात्र नेहमीच्या माउझर-स्प्रिंगफील्ड मापाचं, बाराच्या आसपास असतं. अशी केस तुझ्या चेंबरमध्ये सैल बसते, पहिल्या गोळीला बुडाजवळ एका बाजूनं फुगते आणि मग आयुष्यभर वाकडी राहते. लापुआ किंवा नॉर्माची केस घे. महाग आहे, पण ती दहा-बारा वेळा भरशील. प्रेसमध्ये केसचं बूड धरणारा शेलहोल्डरसुद्धा त्याच मापाचा आहे ना बघ.

लांब घशाच्या रायफलीत सगळ्यात जास्त महत्त्व बुलेटच्या सरळपणाला. आखूड घशात बुलेट जरा तिरकी असली तरी आटे तिला लगेच पकडून थोडं वळण लावतात. इथे चार मिलीमीटर रस्ता मोकळा आहे, तिरकी निघालेली बुलेट तिरकीच जाऊन आट्यांत शिरते. बघायला महागडं यंत्र लागत नाही. टेबलावर जाड काचेचा सपाट तुकडा ठेव, त्यावर भरलेलं काडतूस ठेवून बोटानं हळू लोळव, आणि मागे पांढरा कागद धरून बुलेटच्या टोकाकडे बघ. सरळ असेल तर टोक एका जागी थांबल्यासारखं दिसतं. वाकडं असेल तर लंगड्या माणसासारखं खालीवर करत जातं. डोळ्यांना सहज दिसेल एवढं हललं तर ते काडतूस दुर्बीण शून्य करायला (नेमाशी जुळवायला) वापर, ग्रुप, म्हणजे कागदावरचा गोळ्यांचा पसारा, मोजायला नको. डायल गेज मिळाला तर ७-८ शतांश मिलीमीटरच्या आत ठेव.

वाकडेपणा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी जन्मतो: डायमधला (केसला आकार देणाऱ्या साच्यातला) एक्स्पांडर बॉल, म्हणजे मान आतून मापाला आणणारा गोळा, मानेतून परत वर ओढला जातो तेव्हा. प्रेसचा दांडा वर जाताना घसरट आवाज आला, खसखस, कोरडा, की समज मान ओढली गेली. मानेत आतून ग्रॅफाइटची चिमूटभर पूड लाव, बॉल सँडपेपरनं नाही, पॉलिशनं गुळगुळीत कर, आणि डाय घट्ट आवळण्याऐवजी रबरी रिंगवर जरा तरंगती ठेव. बुलेट बसवताना अर्धी बसवून केस अर्धा वळसा फिरव, मग पूर्ण बसव. जुने लोक करायचे. हे शास्त्र आहे की श्रद्धा मला सांगता येणार नाही, पण मी अजूनही करतो. शोल्डर, म्हणजे केसचा मानेखालचा उतरता खांदा, फक्त ५ शतांश मिलीमीटर मागे ढकल, जेणेकरून बोल्ट सहज बंद होईल. नुसती मान आवळून चालवणारे लोक आहेत, पण थंडीत, चिखल लागलेल्या हातांनी बोल्ट अडकला तर रेंजवरची ती हुशारी कामाला येत नाही.

पावडर किती घालायची हे मी सांगणार नाही, आणि कुणीही तोंडी सांगितलेला आकडा घेऊ नकोस. तुझ्याकडे एडीआय या ऑस्ट्रेलियन कंपनीची पावडर मिळते. तुला बहुधा एआर२२०९ दिली असेल, तीच अमेरिकेत एच४३५० या नावानं विकतात. तिच्या निर्मात्याची ताजी पुस्तिका उघड आणि ६.५ × ५५ चं पान काढ. तिथे एक सापळा आहे. अमेरिकन माप या काडतुसाला ५१,००० पीएसआय दाबाची मर्यादा घालतं, युरोपीय माप ३८० मेगापास्कल, म्हणजे सुमारे ५५,०००. काही पुस्तिकांत आधुनिक रायफलींसाठी आणखी गरम वेगळं पान असतं. तुझ्या १८९६ च्या ॲक्शनला पुढचे दोनच लग (बोल्टला जागी अडकवून धरणारे खुंट) आहेत, १८९८ च्या माउझरसारखा तिसरा सुरक्षेचा लग नाही, आणि प्राइमर फुटला तर गॅस शिकाऱ्याच्या डोळ्यापासून दूर न्यायची सोयही कमी. म्हणून सौम्य पान तुझं. गरम पान बघूच नकोस.

आणि मुख्य चूक इथेच होते. लांब घशात बुलेट आटे पकडायच्या आधी मोकळी धावते, तेवढ्यात वायूला जागा मिळते, दाब जरा कमी चढतो, त्यामुळे तेवढ्याच पावडरवर वेग पुस्तिकेपेक्षा कमी भरतो. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) तो आकडा बघून माणसाला वाटतं, आपली रायफल आळशी आहे, अजून एक ग्रेन घालू. घालू नये. नळीची लांबी वेगळी, घसा वेगळा, पुस्तिकेतली नळी वेगळी. पुस्तिकेचा वेग गाठायचा म्हणून कमाल वजन ओलांडणं म्हणजे स्पीडोमीटर कमी दाखवतो म्हणून ब्रेक काढून टाकणं. उलट क्रोनोग्राफनं पुस्तिकेपेक्षा जास्त वेग दाखवला तर तिथेच थांब, दाबही वर गेलेला असणार. दाबाच्या खुणांवर भरवसा ठेवू नकोस. आधुनिक रायफलीत केसच्या बुडावर इजेक्टरच्या (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या भागाच्या) पिनचा चकचकीत गोल ठसा उमटतो, लोक तो बघतात. तुझ्या माउझरमध्ये तशी पिन नाही, पट्टीचा इजेक्टर आहे, ठसा उमटायचाच नाही. ठसा नाही म्हणून दाब नाही असं नसतं. बोल्ट उचलायला जड जाऊ लागला, तर तू कधीच पुढे निघून गेलेला असतोस.

वजनाबद्दल एक गंमत सांगतो, कारण तू इंदूरचा. तुझ्या आजीचा सराफ्यातला तोळा बरोबर १८० ग्रेनचा. ब्रिटिशांनीच तसा ठरवला होता. तोळ्याच्या गुंजा ९६, म्हणजे एक गुंज १.८७५ ग्रेन. तुझी १४० ग्रेनची बुलेट जवळजवळ पाऊणशे गुंजांची. आणि काट्यावर तू जो ०.१ ग्रेन बघतोस, तो गुंजेचा जेमतेम एकोणिसावा भाग. सोनार काटा लावताना दुकानातला पंखा बंद करायला लावतो ना, तसाच तूही हीटर आणि खिडकी बंद कर. काट्याचं तपासणीचं वजन रोज सुरुवातीला आणि शेवटी ठेवून बघ. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. दुसरा डबा खोलीच्या बाहेर.

सुरुवात पुस्तिकेतल्या किमान वजनापासून कर, दिलेलं नसेल तर कमालपेक्षा दहा टक्के खाली. अर्ध्या-अर्ध्या ग्रेननं वर जा, प्रत्येकी तीन. या फेरीत ग्रुपच्या प्रेमात पडू नकोस, फक्त बोल्ट, प्राइमर आणि वेग बघ. मधली दोन-तीन वजनं निवड, जिथे वेग सुरळीत वाढतो आणि कमालपासून तू आरामात खाली आहेस. मग लांबीची फेरी: ८०.०, ७९.२, ७८.४. शतांशाच्या पायऱ्यांनी चार मिलीमीटर पार करायला तुला वर्ष लागेल, म्हणून पाऊण-पाऊण मिलीमीटरच्या मोठ्या पायऱ्या घे. तीनपैकी एखादी स्पष्ट उजवी ठरली तर छान. तिन्ही सारख्या आल्या तर ८०.० ठेव आणि लांबीचा विषय सोड. बहुतेक तसंच होईल.

स्पष्ट उजवी कशी ओळखायची? तीन गोळ्यांवरून नाही. हा साधा हिशेब आहे. एकच रायफल, एकच काडतूस. तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी २५ मिलीमीटर येत असेल, तर पाच गोळ्यांचा ३२ च्या आसपास येतो आणि दहांचा चाळीसच्या आसपास जातो. रायफल बिघडली नाही, गोळ्या जास्त झाल्या म्हणून पसारा जास्त दिसला. म्हणून तीन गोळ्यांचा वीस मिलीमीटरचा ग्रुप मोबाइलवर मिरवणाऱ्याला विचार, पुढच्या सात कुठे गेल्या? पाच-पाच गोळ्यांचे दोन ग्रुप, वेगवेगळ्या दिवशी, नळी थंड होऊ देऊन. दोन लांब्यांमधला फरक पाच-सात मिलीमीटरचा असेल तर तो फरक नाहीच, समज.

किती अपेक्षा ठेवायची तेही सांगतो. आत्ता आठ-नऊ सेंटिमीटर आहेत. स्क्रू, नळीची साफसफाई, नीट केस आणि सरळ बुलेट एवढ्यावर ते शंभर मीटरला चार-पाच सेंटिमीटर व्हायला हवेत. तेवढे झाले की थांब. रेड डिअरच्या छातीतली जागा, फुप्फुसं आणि हृदय मिळून, जेवणाच्या ताटलीएवढी असते, आणि दोनशे मीटरवर तुझ्या पाच सेंटिमीटरचे दहा होतील. ताटलीत मावतं. तिथून पुढे सेंटिमीटर कमी करण्यापेक्षा बसून, पाठपिशवीवर टेकून, धाप लागलेली असताना मारायचा सराव कर. चढ चढून आल्यावर तुझ्या श्वासाचा पसारा काडतुसाच्या पसाऱ्याच्या तिप्पट असतो. आणि सगळं करूनही सहा-सातच्या खाली आलंच नाही, तर मग गनस्मिथला विचार. तेव्हा नळीचा विषय काढू. तोवर पैसे ठेव.

शेवटची फेरी रेंजवरच, पण वेगळी. ठरलेली वीस काडतुसं भर. रोज सकाळी थंड, तेल पुसलेल्या नळीतून फक्त एक गोळी मार, एकाच कागदावर, आणि घरी ये. दहा सकाळी. त्या दहा गोळ्यांचा ग्रुप हा तुझ्या रायफलीचा खरा ग्रुप, कारण हरणावर तू पहिलीच गोळी मारणार आहेस, पाचवी नव्हे. तिकडे मार्चमध्ये सकाळी पाच-सहा डिग्री असतात, दुपारी वीस-बावीस. तापमान कागदावर लिहीत जा.  तो कागद मला पाठव. टोकाची लांबी, कम्पॅरेटरची लांबी, पावडरचा लॉट नंबर आणि केस कितव्यांदा भरली, हे कोपऱ्यात लिहून. नुसता फोटो पाठवलास तर मी परत हेच विचारीन.